इटालियन क्रियापदं शिकायचीत? इंग्लिश बाजूला ठेवा, मराठीतून शिका

आमच्या ओळखीतली सांगली-मिरजेची बरीच पोरं हल्ली मास्टर्सला इटलीला निघालीत, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, कोर्स इंग्लिशमध्ये आहे, भाषेचं तिथं गेल्यावर बघू. मग तिथं उतरल्यावर आठ वर्किंग डेजच्या आत रेसिडन्स परमिटचा अर्ज टाकायचा असतो, रूम शोधायची असते, घरमालकाशी फोनवर बोलायचं असतं आणि तो घरमालक इंग्लिशमध्ये फक्त ओके म्हणतो. त्यामुळे जायच्या आधी क्रियापदं तरी पक्की करून जा, नावं-बिवं डिक्शनरीत मिळतात, क्रियापदाचं शेपूट तोंडात बसलेलं नसेल तर डिक्शनरी काही कामाची नाही.

भाचीला शिकवायला बसलो तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "मामा, इंग्लिशमध्ये नुसता एक एस लागतो, इथं प्रत्येक काळात सहा-सहा रूपं कशाला रे?" मी म्हटलं, तू रोज जाते, जातेस, जातो, जातात, जाता असं बोलतेस तेव्हा मोजतेस का? बोलताना 'मी' 'तू' गाळलं तरी आपल्याला कोण ते कळतं कारण शेपटातच सगळं असतं. इटालियनचं डिट्टो तसंच आहे. इंग्लिशमधून शिकायला गेलात की तिथं नसलेल्या गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतात, त्यातल्या अर्ध्याअधिक मराठीत आधीपासून आहेत.

उच्चाराचं आधी उरकून घेऊ. इटालियन त, द हे आपल्या तबल्यातला त आणि दारातला द, ट-ड अजिबात नाही. प, त, क म्हणताना हवा सोडायची नाही, आपण तसंही सोडत नाही. एच लिहितात पण बोलत नाहीत. आणि जोड व्यंजन खरंच जोडून बोलायचं, पता आणि पत्ता यात जेवढा फरक तेवढाच तिथंही, आणि पुढं एका ठिकाणी याच्यावरून पूर्ण अर्थ बदलणार आहे. मी खाली सगळं देवनागरीत देतोय, स्पेलिंग वहीत बाजूला लिहून घ्या.

क्रियापदांची तीन घराणी आहेत, शेवटी आरे, एरे, ईरे. पार्लारे म्हणजे बोलणे, वेन्देरे म्हणजे विकणे, दोर्मीरे म्हणजे झोपणे. शेवटचं आरे/एरे/ईरे काढायचं आणि शेपूट लावायचं. वर्तमानकाळ असा (क्रम मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते):

पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो
वेन्दो, वेन्दी, वेन्दे, वेन्द्यामो, वेन्देते, वेन्दोनो
दोर्मो, दोर्मी, दोर्मे, दोर्म्यामो, दोर्मीते, दोर्मोनो

दुसरी आणि तिसरी ओळ नीट बघा. फरक फक्त 'तुम्ही'त आहे, एते आणि ईते, बाकी सगळं सेम. म्हणजे पाठ करायच्या ओळी खऱ्या दोनच. आणि मी-तू-आम्हीची शेपटं ओ, ई, यामो तर तिन्हीकडे एकच. बाईनं बोललं तरी पार्लो आणि बाप्यानं बोललं तरी पार्लो, आपल्यासारखं बोलतो-बोलते नाही, म्हणजे इथं तर मराठीपेक्षा सोपं आहे.

एक ठिकाण मात्र सगळे चुकतात, 'ते'चं रूप. पार्लानो म्हणताना जोर 'पार'वर, 'ला'वर नाही. आबितारे म्हणजे राहणे, मी राहतो आबितो, जोर आ वर, आणि ते राहतात आबितानो, जोर परत आ वरच. एकवचनात जिथं जोर तिथंच तो राहतो, शेपूट लांबलं म्हणून पुढं सरकत नाही. हे पहिल्या दिवसापासून तोंडानं करा, नंतर सवय मोडत नाही.

मान देऊन बोलायचं तर आपण 'तुम्ही' म्हणतो, तिथं एका माणसाला 'लेई' म्हणतात आणि क्रियापद 'ती'चं लावतात. घरमालक मिशीवाला असला तरी लेई पार्ला. आपल्याकडे "आपण" म्हणून कसं अंतर ठेवतात तसं समजा. ऑफिसात, बँकेत, डॉक्टरकडे लेई, वर्गातल्या पोरांशी तू.

आता ईरेवाल्यांत एक भानगड आहे. फिनीरे म्हणजे संपवणे, त्याचं फिनो होत नाही, फिनिस्को होतं. फिनिस्को, फिनिशी, फिनिशे, फिन्यामो, फिनीते, फिनिस्कोनो. आम्ही आणि तुम्ही सोडून बाकी चौघांत मधे हा इस्क घुसतो. कोणत्या क्रियापदात घुसतो आणि कोणत्यात नाही हे पुस्तकात स्पेलिंगची अक्षरं उलटी मोजून सांगतात, पण देवनागरीत लिहिलं की मोजायची गरजच पडत नाही. ईरेच्या आधी जोडाक्षर आहे का बघा. दोर्मीरे, पार्तीरे, सेन्तीरे, आप्रीरे, सेर्वीरे, सेग्वीरे, सगळीकडे जोडाक्षर, हे साधे. फिनीरे, कापीरे, पुलीरे, स्पेदीरे, प्रेफेरीरे, जोडाक्षर नाही, यांना इस्क लागतो, कापिस्को म्हणजे मला समजतं, पुलिस्को म्हणजे मी साफ करतो. शंभर टक्के नाही हां, गारान्तीरे, जेस्तीरे, फोर्नीरे, कोल्पीरे यांत जोडाक्षर असून इस्क लागतो, ते वेगळे लिहून ठेवा. पण रोजच्या वापरातल्या नियमित क्रियापदांना बहुतेक वेळा ही ट्रिक चालते.

स्पेलिंगची एक गंमत. चेर्कारे म्हणजे शोधणे. चेर्को ऊना स्तान्त्सा, मी रूम शोधतोय, हे वाक्य तर पाठच करून जा. 'तू'चं रूप चेर्की, उच्चार क चा क च राहतो, पण त्यांच्या लिपीत सी नंतर आय आला की च होतो म्हणून मधे एक एच घालतात. पागारे म्हणजे पैसे देणे, पागो, पागी, तिथंही ग टिकवायला एच. आपल्याला देवनागरीत हा प्रॉब्लेम दिसतच नाही. उलट एरेवाल्यांत स्पेलिंग तसंच ठेवतात आणि आवाज बदलू देतात, लेज्जेरे म्हणजे वाचणे, त्याचं लेग्गो पण लेज्जी, विन्चेरे म्हणजे जिंकणे, त्याचं विन्को पण विन्ची. थोडक्यात आरेवाले आवाज सांभाळतात, एरेवाले स्पेलिंग सांभाळतात. हे एकदा डोक्यात बसलं की लिहिताना अडखळायला होत नाही.

भूतकाळ. इथं मात्र निवांत बसा, चहा घेऊन बसा, कारण मराठीवाल्याचा खरा फायदा इथं आहे.

रोजच्या बोलण्यातला भूतकाळ म्हणजे पास्सातो प्रोस्सिमो. क्रियापदाचं एक रूप करायचं, आरेचं आतो, एरेचं ऊतो, ईरेचं ईतो. पार्लातो, वेन्दूतो, दोर्मीतो. आणि त्याच्या आधी मदतीला एक क्रियापद, आवेरे किंवा एस्सेरे. आवेरेचं ओ, आई, आ, आब्ब्यामो, आवेते, आन्नो. एस्सेरेचं सोनो, सेई, ए, स्यामो, स्येते, सोनो. ही दोन अनियमित आहेत, पण यांच्याशिवाय पान हलत नाही, घोकाच.

कुठं आवेरे आणि कुठं एस्सेरे? इंग्लिशमधून शिकणारे इथं लांबलचक लिस्टी पाठ करतात. तुम्ही 'ने' लावून बघा. त्याने हळद विकली, तिने दार उघडलं, मराठीत 'ने' आला की डोळे झाकून आवेरे. तो गेला, ती आली, ते निघाले, इथं 'ने' येत नाही, इथं एस्सेरेची शक्यता. मी-तूला 'ने' दिसत नाही म्हणून टेस्ट नेहमी तो-तीवर करायची. 'ने' नसताना मात्र जरा थांबून बघा, जाणं-येणं-निघणं-पोचणं-होणं असेल तर एस्सेरे, पण तो बोलला, तो झोपला, तो हसला, तो चालला, तो पोहला यांना इटालियनमध्ये आवेरेच लागतं, आ पार्लातो, आ दोर्मीतो. आणि उलटा अपवाद एकच मोठा, स्वतःचं स्वतःला करायची क्रियापदं, लावार्सी म्हणजे अंग धुणे वगैरे, तिथं मराठीत त्याने अंघोळ केली असं 'ने' येतं आणि इटालियन एस्सेरे घेतं, सी ए लावातो.

आता एस्सेरे असलं की शेपूट कर्त्याप्रमाणे बदलतं. तो गेला ए आन्दातो, ती गेली ए आन्दाता, ते गेले सोनो आन्दाती, त्या गेल्या सोनो आन्दाते. बाकीचे लोक याच्यावर डोकं धरून बसतात, आपण गेला-गेली-गेले-गेल्या जन्मापासून करतोय. आवेरे असलं की शेपूट हलत नाही, आ वेन्दूतो ला कूर्कुमा, त्याने हळद विकली. पण हळद आधीच बोलण्यात येऊन गेली आणि आता 'ती' म्हणायचंय, तर? ला वेन्दूता. त्याने ती विकली. कर्म आधी आलं की त्याचं लिंग क्रियापदाला चिकटतं, आणि हळद आपल्याकडे पण स्त्रीलिंगी त्यांच्याकडे पण. प्रत्येक नामाचं असं जुळत नाही, घर आपलं नपुंसक, कासा त्यांचं स्त्रीलिंगी, तेवढं बघून घ्यायचं.

दुसरा भूतकाळ इम्पेर्फेत्तो, तो करायला सगळ्यात सोपा. मूळ रूपातलं शेवटचं रे काढा आणि वो, वी, वा, वामो, वाते, वानो लावा. पार्लावो, वेन्देवो, दोर्मीवो, तिन्ही घराण्यांना एकच शेपूट. 'ते'ला जोर परत मागं, पार्लावानो मधला जोर 'ला'वर.

कधी वापरायचा? मराठीत जिथं 'करायचो' किंवा 'करत होतो' येतं तिथं. दा बाम्बीनो नुओतावो नेल फ्यूमे, लहानपणी नदीत पोहायचो. एकदाच घडून संपलेलं असेल तर पास्सातो प्रोस्सिमो. दोन्ही एका वाक्यात बघायचे तर 2019 चा पूर आठवा. पाऊस पडत होता आणि पाणी घरात शिरलं. प्योवेवा ए लाक्वा ए एन्त्राता इन कासा. पाऊस पडत होता हे चालू होतं म्हणून प्योवेवा, पाणी शिरलं हे घडलं म्हणून ए एन्त्राता, आणि आक्वा स्त्रीलिंगी म्हणून एन्त्राता. सांगलीतल्या माणसाला पडत होता आणि शिरलं यातला फरक व्याकरणाच्या पुस्तकानं सांगायला नको. वाक्य मराठीत म्हणा, कान सांगेल कुठला काळ ते.

भविष्यकाळ फुतूरो. पार्लेरो, पार्लेराई, पार्लेरा, पार्लेरेमो, पार्लेरेते, पार्लेरान्नो. आरेवाल्यांच्या आ चा ए होतो, तेवढंच लक्षात ठेवायचं, वेन्देरो आणि दोर्मीरोमध्ये तर तेवढंही नाही. मी आणि तो/तीमध्ये जोर अगदी शेवटच्या अक्षरावर. आणि अंदाज करायला पण हाच काळ, आठ वाजले असतील म्हणजे सारान्नो ले ओत्तो. आपण पण 'असतील' भविष्याचंच रूप वापरतो की, त्यामुळे हा वापर कुणी वेगळा शिकवायला नको.

कोन्दित्स्योनाले म्हणजे 'केलं असतं, करीन म्हणतो' वाला. फुतूरोचाच पाया घ्यायचा, शेपूट बदलायचं: पार्लेरेई, पार्लेरेस्ती, पार्लेरेब्बे, पार्लेरेम्मो, पार्लेरेस्ते, पार्लेरेब्बेरो. आता बघा, पार्लेरेमो म्हणजे आम्ही बोलू, आणि पार्लेरेम्मो म्हणजे आम्ही बोललो असतो किंवा बोलायला तयार आहोत, पण. एका म चा फरक. घरमालकाला पागेरेमो म्हणालात तर भाडं देऊ असा शब्द दिला, पागेरेम्मो म्हणालात तर तो "पण काय?" विचारणार. पता-पत्ता म्हणून जे वर सांगितलं ते याच्यासाठी.

कोन्जुन्तीवो म्हटलं की लोकांना घाम फुटतो. मराठीत याला '-आवा, -आवी, -आवं' म्हणतात आणि आपण ते भाजी घेतानाही वापरतो. तो झोपला असावा, क्रेदो के दोर्मा. तू बोलावंस असं मला पाहिजे, वोल्यो के तू पार्ली. खात्री नाही, इच्छा आहे, अंदाज आहे, मग कोन्जुन्तीवो. करायला सोपं, शेपटाचे स्वर अदलाबदल. आरेवाल्यांना ई येतो: पार्ली, पार्ली, पार्ली, पार्ल्यामो, पार्ल्याते, पार्लीनो. बाकीच्यांना आ येतो: वेन्दा वेन्दा वेन्दा वेन्द्यामो वेन्द्याते वेन्दानो, दोर्मा तसंच, आणि फिनिस्का त्याच्या इस्कसकट. मी-तू-तो तिन्ही एकच असल्यामुळे इथं मात्र सर्वनाम बोलावं लागतं, नाहीतर कोण ते कळत नाही.

जर-तरचं वाक्य असलं की कोन्जुन्तीवोचा भूतकाळ: पार्लास्सी, पार्लास्सी, पार्लास्से, पार्लास्सिमो, पार्लास्ते, पार्लास्सेरो. वेन्देस्सी, दोर्मिस्सी तसंच. से पार्लास्सी इतालियानो, लावोरेरेई आ मिलानो, मला इटालियन बोलता येत असतं तर मी मिलानला काम केलं असतं. इथं मराठीवर विसंबू नका. आपण जर आणि तर दोन्हीकडे 'असतं' लावतो, ते जरच्या बाजूला कोन्जुन्तीवो आणि तरच्या बाजूला कोन्दित्स्योनाले लावतात. 'से'च्या बाजूला कोन्दित्स्योनाले घातलं तर तिथल्या शाळेतल्या पोरांनापण मास्तर बोलतात.

राहिले जोडकाळ. पुस्तकात हे पाच-सहा वेगवेगळे धडे करून टाकलेत, प्रत्येकाला भारदस्त नाव, आणि पोरं तिथंच पुस्तक बंद करतात. खरं तर मराठीत 'असणे' फिरवायचं आणि इटालियनमध्ये आवेरे किंवा एस्सेरे फिरवायचं, बस. वेन्दूतो जागचं हलत नाही. गणपती पेठेतला एक व्यापारी धरा आणि त्याची हळद:

विकली आहे: आ वेन्दूतो
विकली होती: आवेवा वेन्दूतो
विकली असेल: आव्रा वेन्दूतो
विकली असती: आव्रेब्बे वेन्दूतो
विकली असावी: क्रेदो के आब्ब्या वेन्दूतो
विकली असती तर: से आवेस्से वेन्दूतो

आहे, होती, असेल, असती, असावी. एका ओळीला एक ओळ. फरक एवढाच की आपलं असणे शेवटी येतं, त्यांचं आवेरे आधी येतं. हे सहा जण एका दमात म्हणता यायला लागले की मग क्रियापद बदला, हळद सोडून द्राक्षं घ्या, ती घर विकत घेणार असेल तर घ्या, फक्त शेवटचं वेन्दूतो बदलतं.

आज्ञार्थात एक उलटापालट आहे. आरेवाल्यांना तूला पार्ला आणि मानाच्या लेईला पार्ली, बाकीच्यांना तूला वेन्दी, दोर्मी, फिनिशी आणि लेईला वेन्दा, दोर्मा, फिनिस्का. बोलूया म्हणजे पार्ल्यामो. आणि तूला नको म्हणायचं तर आज्ञार्थ सोडून मूळ रूप, नोन पार्लारे. आपण पण 'बोल नको' म्हणत नाही, 'बोलू नको' म्हणतो, तसंच. बोलतोय, झोपलाय असं चालू दाखवायला स्तारे क्रियापदाला पार्लान्दो, वेन्देन्दो, दोर्मेन्दो लावायचं, स्तो पार्लान्दो, मी बोलतोय. याच्यात विशेष काही नाही.

पास्सातो रेमोतो म्हणून अजून एक भूतकाळ आहे: पार्लाई, पार्लास्ती, पार्लो, पार्लाम्मो, पार्लास्ते, पार्लारोनो. कथा-कादंबऱ्यांत, इतिहासात असतो, बोलण्यात दक्षिणेकडे ऐकू येतो, मिलान-तोरीनोकडे जाणाऱ्यानं फक्त वाचताना ओळखता आला तरी पुरे. एवढंच की 'तो'च्या पार्लोत जोर शेवटच्या लो वर आणि मी बोलतोच्या पार्लोत जोर पार वर, लिहिताना ओ वर एक तिरकी रेघ. ती रेघ गाळली तर तो बोलला चं मी बोलतो होतं.

नियमित म्हणता म्हणता एक सांगायलाच हवं. आरेवाले फार सज्जन, आन्दारे, दारे, फारे, स्तारे हे चौघं सोडले तर बिघडलेलं कुणी नाही, आणि नवीन शब्द आला की याच घराण्यात जातो, क्लिक करणे क्लिक्कारे, चॅट करणे चात्तारे. एरेवाल्यांचा वर्तमान, इम्पेर्फेत्तो सरळ असतो पण ऊतो रूप बऱ्याच जणांचं वाकडं, लेज्जेरेचं लेत्तो, स्क्रीवेरेचं स्क्रित्तो, प्रेन्देरेचं प्रेसो, क्यूदेरेचं क्यूसो. वेन्देरे, क्रेदेरे, रिचेवेरे, रिपेतेरे ही सरळ. म्हणून एरेवालं क्रियापद वहीत लिहिताना एकटं लिहू नका, त्याचं हे रूप शेजारी लिहूनच ठेवा.

क्रम काय ठेवायचा? आधी वर्तमान, मग लगेच पास्सातो प्रोस्सिमो, मग इम्पेर्फेत्तो. एवढ्यावर घरमालक, बँक, दवाखाना निभतो. फुतूरो आणि आज्ञार्थ त्यानंतर. कोन्दित्स्योनालेमधलं वोर्रेई म्हणजे मला हवं होतं, हे अनियमित आहे पण दुकानात पहिल्याच दिवशी लागतं म्हणून तेवढं आधीच पाठ करा. कोन्जुन्तीवो सगळ्यात शेवटी. आणि पाठांतर तोंडानं, मोठ्यांदा, पाढे म्हणतो तसं, मिरजेच्या वडापात बसून मनातल्या मनात म्हणून जोर कुठं पडतो ते कळत नाही. रोज एक क्रियापद घ्या, स्वतःच्या घरातलं एक खरं वाक्य करा आणि तेच वाक्य आहे, होतं, असेल, असतं, असावं असं फिरवा. ते बिनचूक जमलं की दुसऱ्या दिवशी तेच वाक्य 'आम्ही' घालून, तिसऱ्या दिवशी 'नोन' घालून.